उन्हाचा आराखडा आणि वाघाची वेळ

मार्च लागला की तालुक्याहून एक कागद येतो : उष्णतेच्या लाटेचा गावनिहाय कृती आराखडा सादर करावा. सोबत छापील नमुना. लोकसंख्या, पाण्याचे स्रोत, ओआरएसची शिल्लक पाकिटं, जनजागृती केली का, हो किंवा नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. मूळची वर्ध्याकडची, त्यामुळे ऊन मला नवं नव्हतं. झाडीपट्टीतलं ऊन मात्र इथं येऊनच कळलं.

2025 साली हा कागद नुसता भरून पाठवायचा नाही, असं आमच्या सरपंचताईंनी ठरवलं. कारण होतं आदल्या वर्षीचा मे. 2024 च्या त्या महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा 47 च्या घरात गेला होता. तिकडे अकोल्यात कामाच्या आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलायला प्रशासनानं चक्क कलम 144 लावलं होतं. आमच्या गावात नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, एक म्हातारी दुपारी टिनाच्या खोलीत झोपली, ती उठलीच नाही. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले आणि नोंदीतही तसंच आलं. त्या खोलीत मी गेले होते. आत दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं. ऊन शरीरावर वाघासारखी खूण ठेवत नाही. हृदय थांबतं, मूत्रपिंड थांबतं, आणि कागदावर तेवढंच उरतं.

पहिल्या बैठकीला आलेल्यांपैकी निम्मे लोक घरकुलाच्या हप्त्याचं विचारायला आले होते. विषय ऊन आहे म्हटल्यावर एक काका हसले. “ऊन तं दरवर्षीच राह्यते सिस्टर, त्याची का मीटिंग घ्याची?” एका पोरानं मोबाइल काढला. “नागपूरले 56 गेलं होतं. आपन तं तरी बरे.” ते 56 मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी दाखवतं. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तो आकडा दिसला खरा, पण सेन्सर बिघडलेला होता, हे हवामान खात्यानं लगेच सांगितलं. बातमी फिरली, खुलासा नाही फिरला.

“आमाले सवय हाय” हे वाक्य मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण ते निम्मं खरं आहे. आठवडा-दोन आठवडे हळूहळू उन्हात काम केलं की शरीर सरावतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. पण हा सराव दर उन्हाळ्यात नव्यानं करावा लागतो. बाहेरगावी शिकणारी पोरं सुटीत येतात आणि दुसऱ्याच दिवशी बापासोबत बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जातात. मार्चमधलं पहिलं कडक ऊन सगळ्यांनाच कच्चं गाठतं. शिवाय आकड्यावर भरवसा ठेवण्यात एक गोम आहे. हवामान खात्याच्या हिशेबानं मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश चढा असला की लाट, किंवा सरळ 45 झाला की लाट, 47 ला तीव्र लाट. आमच्याकडे मे महिन्याचं ‘नेहमीचं’च 43-44 च्या आसपास. म्हणजे 44 ला इथं लाट नसते, नुसता बुधवार असतो. आणि खारघरला 16 एप्रिल 2023 च्या कार्यक्रमानंतर 14 माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा तिथला पारा 40 च्याही खाली होता. हे सांगितलं तेव्हा ते काका हसायचे थांबले. “मंग आकडा कायले पायता?” म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. आम्ही आकडा सोडून माणसं पाहायला निघालो.

यादी करायला गावच्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, आणि मी घरोघर फिरलो. साठीच्या पुढचे, गरोदर बाया, बाळं, बीपी-शुगरवाले हे सगळे आमच्या रजिस्टरात होतेच. नवे प्रश्न आम्ही जोडले ते असे : एकटं कोण राहतं, छत कशाचं आहे, रात्री कुठं झोपता, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी कोणाला चालू आहे, मनाच्या आजाराच्या गोळ्या कोणाला आहेत. अशा काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी घटतं किंवा घाम कमी येतो, म्हणून त्या घरी ऊन वाढलं की आधी जायचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगितलं. दारू कोण पितं हे विचारायची गरज पडली नाही, आशाताईंना तोंडपाठ होतं.

पाणी किती पिता, या प्रश्नाला बाया “पितो ना” म्हणायच्या. मग एकीनं जाता जाता सांगितलं, शेतावर आडोसा नसतो म्हणून त्या सकाळी निघताना पाणी पीतच नाहीत, घरी परतल्यावर पितात. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होते म्हणून उपकेंद्रात येणाऱ्या बायांची रांग मला दरवर्षी दिसायची. तिचं एक मूळ हे आहे. ‘दिवसाला तीन लिटर पाणी प्या’ असा फलक लावून हे सुटत नाही.

छताचा रकाना भरताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक घरात त्याची एक कहाणी होती. जुनी घरं मातीची, वर कवेलू, म्हणजे कौलं. आत गेलं की दुपारी तीनलाही बरं वाटतं. पण माकडं कवेलू फोडतात, पावसाळ्याआधी दरवर्षी फेरावे लागतात, नवे कवेलू घडवणारा कोणी राहिला नाही, फेरणाराही मिळत नाही. म्हणून टिना आल्या. घरकुल मिळालं त्यांच्याकडे स्लॅब आला. आम्ही भिंतीवर टांगायचे स्वस्तातले थर्मामीटर घेतले आणि वेगवेगळ्या घरांत ठेवले. भर दुपारी टिनाची खोली बाहेरच्या सावलीपेक्षाही तापलेली, हे अपेक्षितच होतं. स्लॅबचं मात्र अनेकांना नवल वाटलं. तो दिवसा बरा असतो आणि रात्री, बाहेर जरा वारा सुटला तरी, आत उकाडा धरून बसतो. दिवसभराचं ऊन पिऊन तो रात्री खोलीत सोडतो. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट जड जातं. आमची म्हातारी गेली ती तसल्या लागोपाठच्या तापलेल्या रात्रींनंतर.

मग अंगणात झोपा, असं सांगावं? इथं बिबट्या गावात येतो. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते, आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. शेवटी खाट, खाटेला मच्छरदाणी नीट खोचलेली, अंगणात दिवा आणि एकट्यानं झोपायचं नाही, एवढ्यावर आम्ही आलो. ज्या म्हाताऱ्यांना एकटं झोपावं लागतं त्यांच्यासाठी शाळेचा व्हरांडा मागितला. मुख्याध्यापकांनी दिला, पण पहिले काही दिवस तिथं कोणीच गेलं नाही. घर सोडून झोपायचं म्हणजे पोरानं हाकललं, असं दिसतं ना. मग सरपंचताईंच्या सासूबाई स्वतः खाट घेऊन तिथं गेल्या. त्यानंतर जागा पुरेना.

खरा अडेलतट्टू प्रश्न निघाला वेळेचा. छापील सूचनेत पहिलं वाक्य असतं : दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नये, कामं पहाटे उरकावीत. मी ते ग्रामसभेत वाचलं आणि मागून एका बाईचा आवाज आला, “सकाळी लवकर जाच म्हनता, मंग वाघाले कोन सांगन?”

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, या दोन हंगामांवर कित्येक घरांचा वर्षाचा रोकडा खर्च चालतो. मोहफूल पहाटे पडतं, ते लवकर वेचलं नाही तर गुरं-हरणं खातात. तेंदूची पानं सकाळी तोडायची, दुपारी घरी बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि उतरत्या उन्हात ते फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या मोजणीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. आणि वाघाची फिरायची वेळ हीच, पहाट आणि संध्याकाळ. वनखात्याचं म्हणणं, उजाडल्याशिवाय जंगलात जाऊ नका, जथ्थ्यानं जा, वाकून काम करताना एकानं उभं राहून पाहा. आमच्या खात्याचं म्हणणं, ऊन चढायच्या आत परत या. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर. दोघांच्या मधे उरते ती सकाळी सहा ते दहाची फट, आणि तेवढ्यात पुरेशी पानं होत नाहीत.

या फटीवर आम्ही बसलो तेव्हा आराखडा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं गावाचा झाला. बैठकीला वनरक्षक आले, वाघ-बिबट्याच्या वेळी धावून जाणाऱ्या गावातल्या प्राथमिक कृती दलाची पोरं आली, तेंदूवाल्या बाया आल्या. तोडणीचं रान वाटून घेतलं : म्हातारे आणि दुखणेकरी गावालगतच्या भागात, धडधाकट लांब. प्रत्येक जथ्थ्यासोबत कृती दलाचा एक पोरगा शिटी घेऊन. सकाळी दहाला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आवाज द्यायचा, तो ऐकला की निघायचं. पाण्याची बाटली नाही, तर दोन जणींत एक कॅन, कारण बाटली कोणी भरत नाही आणि कॅन आणली की संपवली जाते. फळीवर सावली आणि पाणी ठेकेदारानं द्यावं, हे ठरावात लिहून घेतलं. त्याआधी बाया पुड्यांच्या ओझ्यासह उघड्यावर तासभर मोजणीची वाट पाहत. दुपारी घरात बसून पुडे बांधणं हेही काम टिनाखालीच चालायचं. त्यासाठी जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव प्रत्येक आळीत घातला. मांडव घालायची रीत जुनीच आहे, मी फक्त तो लग्नघरापुरता राहू नये एवढं म्हटलं.

हे सगळं बसतंय असं वाटत असताना 10 मे आला. त्या दिवशी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पुढे काही दिवस आमच्याकडे कोणी रानात पाय ठेवला नाही. मग गेले, पण चांगलं ऊन पडल्यावर, आणि साहजिकच परतायला दुपार होऊ लागली. दहाच्या भोंग्याला आता अर्थ उरला नव्हता. बाया म्हणाल्या, “ऊन लागलं तं तुमी हा, वाघानं नेलं तं कोन हाय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, व्यवस्था होती. रानाच्या तोंडाशी पाण्याचे माठ आणि ओल्या चादरी ठेवल्या, तिथं दर अर्ध्या तासानं येऊन बसायचं. चौकीदारी करणाऱ्या पोरांना उष्माघाताची लक्षणं शिकवली : बडबड असंबद्ध झाली, चाल डगमगली, अंग भाजतंय, तर घाम असला किंवा नसला तरी तो उष्माघात समजायचा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

छतांना चुना लावायचं काम मधल्या काळात चाललं होतं आणि ते तुलनेनं सोपं गेलं. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात फेव्हिकॉल घालून दोन हात. भिंतीच्या चुन्यात मीठ घालायची रीत आहे, टिनावर ते चालत नाही, गंज धरतो. आधी टिन घासून धुवायचं, नाही तर पापुद्रे सुटतात. हा चुना पावसात जातो, दरवर्षी लावावा लागतो. आमच्या थर्मामीटरांवर दोन-तीन अंशांचा फरक दिसला, घरात राहणाऱ्यांना त्याहून जास्त जाणवला. पैशाचं थोडक्यात सांगते : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, 40 टक्के अबंधित. माठ आणि पाणपोया पहिल्यातून, चुना दुसऱ्यातून. आपत्तीच्या पैशातून का नाही, असं मी विचारलं तेव्हा ग्रामसेवकांनी दाखवलं की आपत्ती निधीसाठी केंद्रानं ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. चंद्रपुरात बसून हे वाचायला मौज वाटते. तशीच मौज मेच्या दुपारी वीज गेल्यावर वाटते. आमच्या जिल्ह्यात 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, आणि कुलर बंद.

उपकेंद्रात एक खोली रिकामी करून ‘थंड खोली’ केली. खाट, कुलर, चादरी, ओआरएस, बादल्या. बर्फाचं काय? लसीच्या दिवशी येणाऱ्या डब्यातले बर्फाचे पॅक इतर दिवशी नसतात. आशाताईंनी किराणा दुकान दाखवलं. तिथं पोरांच्या थंड कांड्यांचा फ्रीझर आहे. दुकानदाराशी बोलून ठेवलं की वेळ आली तर कांड्या द्यायच्या, पैसे नंतर. पाण्याचंही पाहिलं. टाकीचं नळाचं पाणी दुपारी हात भाजतं, बोरिंगचं थंड असतं, म्हणून दोन पिंपं बोरिंगनं भरलेली.

ती खोली पहिल्यांदा वापरली ती आमच्या यादीत नसलेल्या माणसासाठी. मेच्या अखेरच्या एका लग्नात वरात दुपारी एकला निघाली. मुहूर्त गाठायचा होता, नवरदेवाकडचे उशिरा आले होते. बँड दुसऱ्या तालुक्यातला. ते जाड, चकचकीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेले गणवेश तुम्ही पाहिले असतील. ढोल वाजवणारा पोरगा मारुतीच्या देवळापाशी भलतंच काही बोलू लागला आणि कोसळला. कोणी कांदा आणायला धावलं, कोणी तापाची गोळी द्या म्हणालं. कांदा खिशात ठेवायला माझी ना नाही, पण अशा वेळी त्याच्या मागं घालवलेली मिनिटं महाग पडतात, आणि तापाच्या गोळीचा इथं उपयोग नसतो, हा ताप वेगळा. कृती दलाच्या पोरांनी त्याला खोलीत आणलं, कात्रीनं कोट कापला, खाटेवर टाकून बोरिंगचं पाणी बादलीनं ओतत राहिले आणि पंखा सोडला. दुकानातून कांड्या आल्या. त्या फडक्यात बांधून काखेत, जांघेत, मानेला. बगलेतला थर्मामीटर 105 च्या वर दाखवत होता, आणि बगलेत तो कमीच दाखवतो. 108 ला फोन आधीच केला होता. गाडी आली तोवर त्यानं आपलं नाव बरोबर सांगितलं होतं. तो वाचला. कोटाचे पैसे कोण देणार, यावर बँडमालक आणि नवरीचा मामा यांच्यात बराच वेळ वाद झाला, तोही आम्हीच मिटवला.

त्या दिवसानंतर यादीत एक रकाना वाढला : बाहेरून येणारे. बँडवाले, वीटभट्टीवरची कुटुंबं, कुल्फीवाला, भंगारवाला, रस्त्याच्या कामावरचे मजूर. यातलं कोणीही आमच्या लोकसंख्येत मोजलेलं नाही आणि ऊन सगळ्यात जास्त तेच खातात. पुढच्या ग्रामसभेत 12 ते 4 वरात काढायची नाही, असा ठराव झाला. तो पाळला जाईल असं मी म्हणणार नाही. ठराव मांडणाऱ्यांच्याच घरी पुढच्या वर्षी लग्न आहे आणि भटजींनी मुहूर्त साडेबाराचा काढला आहे. तूर्त बोलणी गोरजाकडे सरकत आहेत.

आराखडा तालुक्याला गेला तेव्हा एकदा परत आला. वाघाचा मजकूर नमुन्यात बसत नाही, असा शेरा होता. सरपंचताईंनी तोच मजकूर जसाच्या तसा ‘स्थानिक अडचणी’ या ओळीखाली टाकून पुन्हा पाठवला, सोबत पुरवणी पानं जोडून. दुसऱ्यांदा तो परत आला नाही.

आता आमच्यापुढे धानाची रोवणी आहे. आमचा आराखडा मार्च ते जूनचा होता. जुलैत पावसानं उघडीप दिली की बांधीत घोट्याभर कोमट पाणी, हवेत दमटपणा, आणि बाया सकाळपासून कंबरेत वाकलेल्या. पारा 34-35 च असतो, कोणी इशारा देत नाही, कुलरही दमट हवेत काम करत नाही, कारण पाणी उडालंच नाही तर गारवा येणार कुठून. घामाचंही तेच. गेल्या रोवणीत चक्कर येऊन उपकेंद्रात आणलेल्या बायांची नावं मी रजिस्टरातून काढत आहे. आशाताईंनी बांध्यांवर कुठं झाड आहे आणि कुठं नाही, ते लिहायला घेतलं आहे.